सासरेबुवांची साब आणि माझं कपाट

माणसाने एक वेळ घर बदलावं, नोकरी बदलावी, पण ट्रॉलहेट्टानमध्ये राहून व्होल्व्हो बाळगू नये. मी ती चाळीस वर्षं बाळगली. या गावाने साठेक वर्षं साब गाड्या बनवल्या. अर्धं गाव कारखान्यात कामाला होतं आणि उरलेलं अर्धं त्यांच्याशी लग्न करून बसलं होतं. मी दुसऱ्या अर्ध्यातला. त्यातून मी गोथेनबर्गचा, म्हणजे जिथे व्होल्व्हो बनते तिथला, आणि लग्नाच्याच वर्षी घेतलेली पिवळी २४४ घेऊन मी इथे नांदायला आलो. लोकांनी मला वाळीत टाकलं असं नाही म्हणणार मी. आमच्याकडे वाळीतसुद्धा फार सभ्यपणे टाकतात. ते माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायचे, फक्त गाडीकडे बघायचे नाहीत.

सासरे मात्र बघायचे. सासऱ्यांचं नाव एव्हर्ट. पहिल्याच दिवशी त्यांनी खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि मुलीला विचारलं, "मायब्रिट, अंगणात हे कपाट कोणी आणून ठेवलंय?" झालं. तेव्हापासून माझ्या गाडीचं नाव कपाट पडलं ते पडलंच. आता २४४ चौकोनी आहे हे मी मान्य करतो. पण कपाट म्हणजे अगदीच. मी नगरपालिकेच्या मोजणी खात्यात अडतीस वर्षं काढली आहेत, कपाट आणि गाडी यांतला फरक मला सेंटिमीटरमध्ये सांगता येतो.

एव्हर्टनी कारखान्यात शेवटची अठरा वर्षं एकच काम केलं. किल्लीचं कुलूप बसवायचं. जगातल्या बहुतेक शहाण्या गाड्यांना किल्ली स्टिअरिंगजवळ लागते. साबला ती दोन सीटांच्या मधोमध, गियरच्या दांड्यामागे लागते, आणि गाडी रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय ती किल्ली बाहेर येत नाही. तुम्हाआम्हाला ही कटकट वाटेल. एव्हर्टना ते संस्कार वाटायचे. साबवाला गाडी उभी करतो, रिव्हर्स टाकतो, किल्ली काढतो आणि हँडब्रेककडे ढुंकूनही न बघता घरी जातो. आम्ही व्होल्व्होवाले न्यूट्रलवर ठेवतो आणि हँडब्रेक कचकन ओढतो. चाळीस वर्षांत सासरे-जावयाचं दुसऱ्या कशावरून फारसं भांडण झालं नाही. हे एकच होतं, आणि ते सगळ्या नाताळांना, वाढदिवसांना, झिंग्यांच्या पार्ट्यांना पुरलं.

कारखाना बंद पडला त्यानंतरच्या पाचव्या वर्षाची ही गोष्ट. नव्वदीचे एव्हर्ट त्या फेब्रुवारीत वृद्धनिवासात राहायला गेले. गुडघ्यांनी संप पुकारला होता. घर विकलं, फर्निचर नातेवाइकांत वाटलं, आणि मागे राहिली ती त्यांची चौऱ्याऐंशी सालची साब ९००. चार दारांची, गडद हिरवी. ती आली आमच्याकडे आणि अंगणात कपाटाशेजारी उभी राहिली. दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या होत्या, दोन जावा असाव्यात तशा. आणि पंधरा दिवसांत सोसायटीचं पत्र आलं. जमिनीखाली नवे पाइप घालायचे आहेत, अर्धं पार्किंग खणावं लागणार, सबब एक जूनपासून एका फ्लॅटला एकच जागा.

मी पत्र मायब्रिटला वाचून दाखवलं. ती बटाटे सोलत होती. वर न बघता म्हणाली, "तू ठरव कुठली ठेवायची. तू नि:पक्षपाती आहेस."

लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या पुरुषाला हे वाक्य ऐकल्यावर घाम फुटायला हवा. मला अभिमान वाटला. मी म्हटलं, आपण हे शास्त्रशुद्ध करू. दोन्ही गाड्यांची तुलना करू, गुण देऊ, आणि जी जिंकेल ती राहील. एका कागदावर अठरा रकाने आखले: हीटर, डिकी, वळण, बर्फ, सीटची उंची, दार लावतानाचा आवाज वगैरे. तीन आठवड्यांत शांतपणे, कोणाला त्रास न देता हे काम उरकायचं असा माझा बेत होता.

मग मी तो कागद कपडे धुण्याच्या खोलीत विसरलो.

आमच्या इमारतीत सगळ्यांची मिळून एकच धुण्याची खोली आहे, आणि आमच्या लोकांना समोरासमोर बोलायला जे जमत नाही ते सगळं त्या खोलीतल्या फळ्यावर चिठ्ठ्यांनी बोललं जातं. दुसऱ्या दिवशी माझा कागद फळ्यावर टाचलेला होता आणि समासात सात वेगवेगळ्या हस्ताक्षरांतले शेरे होते. 'बर्फाला फक्त दहा गुण? लेखक कधी स्वीडनमध्ये राहिला आहे का?' 'दाराच्या आवाजाचे गुण कोणाच्या कानाने देणार?' खाली लाल शाईने: 'ड्रायरच्या फिल्टरमधले केस काढत जा.' हे तुलनेबद्दल नव्हतं, पण तेही मला लागलंच.

संध्याकाळी योस्ता दारात उभा. योस्ता तळमजल्यावर राहतो. कारखान्याच्या रंगखात्यात होता, आता निवृत्त आहे, आणि सल्ला देणं हे त्याचं पूर्णवेळ काम आहे. त्याचं म्हणणं, व्होल्व्होच्या मालकाने साबला गुण द्यायचे म्हणजे मांजराने दुधाची राखण करण्यातला प्रकार. साक्षीदार हवेत. तो स्वतः साक्षीदार व्हायला तयार होता, अगदी उपकार म्हणून. त्याच्यामागे सोसायटीच्या अध्यक्षीणबाई सोल्वेई आल्या. सोल्वेई पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही त्या माझ्याकडे बघायला लागल्या की माझा हात वर जातो. त्या म्हणाल्या, विषय सामायिक पार्किंगशी संबंधित असल्यामुळे तो खाजगी राहत नाही. एक कार्यगट नेमावा लागेल, इतिवृत्त ठेवावं लागेल, आणि इतिवृत्तावर सही करायला दोन तटस्थ माणसं लागतील. अख्ख्या इमारतीत साबच्या बाबतीत तटस्थ अशी दोनच माणसं निघाली. एक जण नव्याने राहायला आलेली दंतवैद्य बाई, आणि दुसरे चौथ्या मजल्यावरचे एक आजोबा, ज्यांना आयुष्यभर बोटीशिवाय कशातच रस नव्हता.

आता तोपर्यंत दोन गाड्या ठेवायच्या कुठे? खणायला जूनच्या आधीच सुरुवात झाली होती आणि आमची दुसरी जागा गेली होती. साब पाहुण्यांच्या जागेत लावावी लागली, आणि पाहुण्यांच्या जागेत सकाळी आठ ते संध्याकाळी सहापर्यंत जास्तीत जास्त चार तास. काचेत आल्याची वेळ दाखवणारं पुठ्ठ्याचं घड्याळ लावायचं आणि चार तासांनी गाडी हलवायची. एकदा दाढेला भूल घेऊन खुर्चीत बसलो असताना मला उठून यावं लागलं. दंतवैद्य बाई आमच्याच इमारतीतली असल्यामुळे तिने कारण न विचारता मला सोडलं आणि वर आठवण केली की इतिवृत्तावर सही बाकी आहे. मी सूट मिळावी म्हणून अर्ज केला. सोल्वेईंनी कळवलं की अर्ज पोचला, तो रास्त आहे, परंतु सभेच्या विषयपत्रिकेत नसल्याने त्यावर बोलता येणार नाही, आणि विषयपत्रिका बदलण्याचा विषयही विषयपत्रिकेत नाही.

चाचण्या सुरू झाल्या. वळणात व्होल्व्होने बाजी मारली. मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, पुढची चाकं हवी तेवढी फिरतात. मी निवृत्तीला भेट मिळालेलं मोजणीचं चाक घेऊन वर्तुळ मोजलं आणि कोणाच्याही चेहऱ्याकडे न बघता आकडा वाचला. डिकीतही बटाट्याचं एक पोतं व्होल्व्होत जास्त मावलं. तेव्हा योस्ता पुढे झाला. त्याने साबची मागची सीट पुढे पाडली आणि आतली जागा लोकांना दिसावी म्हणून डिकीतून आत शिरून स्वतः आडवा झाला. आत तो पूर्ण मावला यात शंका नाही. पण तिथे त्याची कंबर धरली. बाहेर काढायला तिघं लागले, आणि निघताना तो म्हणत होता की हे गुण धरा, मोजून घ्या, सहा फूट दोन इंच.

मग एप्रिलात बर्फ पडलं. आमच्याकडे एप्रिलात बर्फ पडतं हे मला माहीत आहे, पण आदल्याच आठवड्यात मी वसंत आला म्हणून डिकीतलं वाळूचं पोतं काढून ठेवलं होतं. व्होल्व्होवाले हिवाळ्यात मागच्या चाकांवर वजन यावं म्हणून ते ठेवतात. त्या दिवशी चढावर साब गुणगुणत वर गेली. कपाट निम्म्यात थांबलं आणि मग अगदी भारदस्तपणे, घाई न करता, माझ्यासकट मागे घसरत खाली आलं. शेवटी साबने दोरी बांधून व्होल्व्होला वर ओढलं. कोणीतरी फोटो काढला. तो धुण्याच्या खोलीत लागला. मी तो तीनदा काढला आणि तीनदा तो परत लागला, शेवटच्या वेळी तर काचेच्या चौकटीत.

हीटरच्या चाचणीत दोन्ही गाड्या सारख्या निघाल्या. दोन्हींत पंधरा मिनिटांनी माणसं अंगातले स्वेटर काढायला लागली. साबची समोरची वळलेली काच, विमानात बसल्यासारखा दिसणारा तो डॅशबोर्ड, पुढच्या बाजूला सरकून उघडणारं बॉनेट, यांवर मी कोरडेपणाने गुण द्यायचो. खरं सांगायचं तर रोज ती चार-चार तासांनी हलवता हलवता मला तिची सवय लागायला लागली होती. सीटवर बसलं की ती तुम्हाला कुशीत घेते. कपाट कुशीत वगैरे घेत नाही, ते खुर्ची पुढे करतं आणि बसा म्हणतं.

दर रविवारी आम्ही एव्हर्टना भेटायला जायचो. मी त्यांना चाचण्यांची प्रगती सांगायचो. ते काही मत द्यायचे नाहीत. कॉफीत खडीसाखर बुडवत ऐकायचे आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचे, "जावईबापू, किल्ली अजून तिथेच लावता का, त्या कपाटाच्या कडेला?" मी म्हणायचो, हो, तिथेच. ते मान हलवायचे, एखाद्याचं दुखणं बरं होत नाही हे कळल्यावर हलवतात तशी.

पण या सगळ्या गोंधळात मला वेगळीच काळजी लागली होती, आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. कपाटात बसलं की सीट एक खाच पुढे असायची. मी तर ती कधीच हलवत नाही. रेडिओवर मी बातम्या लावतो, तर सुरू केल्याबरोबर अकॉर्डियन वाजायला लागायचं. एकदा शेजारच्या सीटवर साखरेचे मोठे दाणे सापडले, दालचिनीच्या बनवर असतात तसे, आणि मला तर डॉक्टरांनी साखर बंद केलेली. दुसरं कोण असणार? किल्ली घरातल्या खुंटीवर. मायब्रिटने चाळीस वर्षांत कपाटाच्या स्टिअरिंगला हात लावलेला मी पाहिला नव्हता. ती बापाची मुलगी, ती साबच चालवणार. म्हणजे मीच हे करत होतो आणि विसरत होतो. धुण्याच्या खोलीतला तो कागद आठवला. माझ्या मोठ्या भावाचं असंच सुरू झालं होतं, आधी चष्मा, मग रस्ते, मग माणसं. मी आंघोळ करताना शंभरातून सात-सात वजा करत उलटे आकडे म्हणायला लागलो. मायब्रिटने बाहेरून विचारलं, काय मोजतोस? मी म्हटलं, गाड्यांचे गुण. गुरुवारी मी चालत चर्चला जातो आणि गायनवृंदात खालच्या सुरात गातो, दुपारपासून तालीम, मग तिथेच वाटाण्याचं सूप. तिथेही मी ओळी विसरतोय का यावर लक्ष ठेवायला लागलो, आणि लक्ष ठेवण्याच्या नादात खरोखरच विसरलो.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी अंतिम चाचणी ठरली. गाडी चालू करणे, आणि नंतर गुप्त मतदान. माझे गुण मी एका पाकिटात बंद करून आणले होते. अख्खी इमारत अंगणात उतरली. एव्हर्ट वृद्धनिवासाच्या गाडीतून, चाकांच्या खुर्चीसकट गाडीच्या लिफ्टने खाली उतरवले गेले. लायलॅकची जांभळी झुडपं फुलली होती. कारखान्यातले जुने लोक डोक्यावर कारखान्याच्या जुन्या टोप्या घालून आले होते. कित्येक वर्षांत इतके टोपीवाले मी एकत्र पाहिले नव्हते.

मांडणी सोल्वेईंनी केली होती. पुढे व्होल्व्हो, ती उभी होती तिथेच, तिच्यामागे दहा पावलांवर साब, व्होल्व्होच्या पाठीकडे तोंड करून. कॉफीचं टेबल कुठे ठेवायचं यावर वाद झाला, कारण ज्याच्या गाडीजवळ बन त्याच्याकडे मतं वळतील. म्हणून ते दोन्ही गाड्यांच्या बरोब्बर मधोमध ठेवलं. अंतर मीच मोजून दिलं. टेबलावर साठ दालचिनीचे बन, तीन थर्मास आणि मतपेटी.

आधी साब. योस्ता आत बसला, दोन सीटांमध्ये किल्ली फिरवली, गाडी चालू झाली, टाळ्या झाल्या. त्याने ती बंद केली, रिव्हर्स टाकली, किल्ली काढली आणि टोपीला हात लावून बाहेर आला. मग माझी पाळी. गेले दोन महिने माझा जो काही अपमान झाला होता, दोरी, फोटो, चौकट, तो सगळा एका फटक्यात धुऊन काढायची हीच वेळ होती. मी लोकांना उद्देशून म्हटलं की काही गाड्यांच्या आत बसून त्यांची मनधरणी करावी लागते. ही गाडी चालू करायला आत बसायचीसुद्धा गरज नाही. आणि मी उघड्या खिडकीतून हात घातला आणि बाहेर उभ्या उभ्या किल्ली फिरवली.

कपाट अर्ध्या फेऱ्यात चालू झालं. एवढं मात्र इतिवृत्तात नमूद आहे. आणि चालू झाल्याबरोबर ते मागे निघालं. माझा हात खिडकीत होता तो मी कसाबसा काढला. टेबलाला धडकून, टेबलाला घेऊन, बन, थर्मास, मतपेटी यांच्यासकट ते साबच्या नाकावर जाऊन आदळलं आणि एक आचका देऊन बंद पडलं. योस्ता लायलॅकच्या झुडपात होता. तो तिथे कधी गेला हे कोणीच पाहिलं नाही. बाकी कोणाला खरचटलंही नाही. साबचा एक दिवा फुटला होता, व्होल्व्होचा बंपर आत गेला होता, आणि मतपत्रिका कॉफीत भिजत होत्या.

पहिला आवाज एव्हर्टचा आला. "आमची जागची हलली का?" योस्ता झुडपातून म्हणाला की एक इंचही नाही. एव्हर्ट म्हणाले, "रिव्हर्समध्ये होती ना."

मी गाडीत वाकून बघितलं. कपाटाचा गियरसुद्धा रिव्हर्समध्ये होता. हँडब्रेक ओढलेलाच नव्हता. गेल्या आठवड्यात गाडी मी हलवली नव्हती, म्हणजे मीच कधीतरी ती अशी लावून ठेवली होती. चाळीस वर्षं ज्या गोष्टीवरून भांडलो ती मी स्वतःच करून विसरलो होतो. मी जिन्याच्या पायरीवर बसलो. मायब्रिट धावत आली आणि हाताला लागलं का म्हणून बघायला लागली. मी म्हटलं, "हाताचं सोड. माझं डोकं गेलंय, मायब्रिट." आणि मग सगळं बाहेर पडलं. सीटची खाच, अकॉर्डियन, साखर, आंघोळीतले आकडे, माझा भाऊ. चारचौघांत माणसाने असं बोलू नये, पण मी बोललो.

सोल्वेई आता तपास सुरू करणार होत्या. गाडी रिव्हर्समध्ये कोण लावतं? साबवाले. अंगणात साबवाले किती? जवळजवळ सगळेच. त्यांनी वही उघडली. मायब्रिटचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती बापाकडे बघत होती. तिने तोंड उघडलं आणि एव्हर्टनी हात वर केला.

"ती बोलायची नाही. मी तिला शपथ घातलीय," ते म्हणाले. मग टोप्यांकडे बघत, मोठ्याने, "दर गुरुवारी मी त्या कपाटात बसतो."

कारखान्यातली वीसपंचवीस माणसं उभी होती.

"गुडघा वाकत नाही माझा. साबमध्ये खाली उतरावं लागतं, आणि उतरलो की मग मला वर कोण काढणार? कपाटात नुसतं पाठीमागे टेकायचं, की बसलो. हा गायला जातो तेव्हा मायब्रिट मला नेते. आम्ही कारखान्याच्या फाटकापर्यंत जातो. गाडी तिथे उभी करतो. बन खातो, गाणी ऐकतो, परत येतो. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं मला. छत्तीस वर्षं तिथे काढली, आणि त्या फाटकासमोर मी व्होल्व्होत बसून जातो. आणि रिव्हर्स तिला मीच टाकायला लावतो, घरी आल्यावर ती काढून हँडब्रेक ओढायचं या वेळी विसरली असणार. किल्ली नुसतीच उपटून काढलेली मला बघवत नाही."

मला काय वाटलं ते सांगायचं तर आधी वाटलं की मी शाबूत आहे. डोकं शाबूत आहे, सातांचा पाढा उलटासुद्धा येतो आहे. आणि मग त्या म्हाताऱ्याकडे बघितलं. माझं डोकं सोडवायला त्याने स्वतःचं नाक कापून घेतलं होतं, तेही ज्यांच्यासमोर ते आयुष्यभर जपलं त्याच लोकांसमोर. मला रडू आलं, आणि मी रडलो. दंतवैद्य बाईने मला रुमाल दिला.

योस्ता झुडपातून बाहेर आला. टोपी काढली, त्यातली फुलं झटकली आणि म्हणाला की सांगायचंच आहे तर त्याने दोन वर्षांपूर्वी एक जपानी गाडी घेतली आहे. ती तो बहिणीच्या अंगणात ठेवतो आणि दोन गल्ल्या चालत जाऊन तिच्यात बसतो. हळूहळू आणखी तिघांनी असंच काही सांगितलं. कोणी कोणाला हसलं नाही. उरलेले बन सोल्वेईंनी गवतातून वेचले आणि आम्ही ते तसेच खाल्ले.

सोल्वेईंनी मग जाहीर केलं की मतपत्रिका वाचता येत नसल्याने निर्णय पुढच्या सभेत होईल. एव्हर्ट म्हणाले, "पुढच्या सभेला मी असेन-नसेन. जावईबापू, कपाट ठेवा. मला गुरुवारी लागतं."

माझ्या खिशात ते पाकीट होतं. त्यात काय होतं हे आता सांगायला हरकत नाही. अठरा रकान्यांत साब दोन गुणांनी पुढे होती. म्हणून आदल्या दिवशी मी एकोणिसावा रकाना आखला, 'मालकाच्या मनाला मिळणारी शांती', आणि व्होल्व्होला त्यात तीन गुण दिले. अडतीस वर्षांच्या मोजणीत मी कधी असा आकडा घुसडला नव्हता. मी खुर्चीजवळ वाकलो आणि एव्हर्टच्या कानात म्हटलं, "साब जिंकत होती. दोन गुणांनी."

ते म्हणाले, "त्याला मोजायला कशाला हवं होतं?"

साबचं पुढे असं झालं. वृद्धनिवासाच्या अंगणात, एव्हर्टच्या खिडकीखाली, बरीच मोकळी जागा होती. तिथे बंद गाडी उभी करता येणार नाही असं उत्तर आलं. अंगणात फक्त बाकडी ठेवता येतात. तेव्हा माझी अडतीस वर्षांची सरकारी नोकरी एकदाची कामाला आली. मी योग्य तो अर्ज शोधून भरला: 'बाहेरचं बाकडं, चार आसनी, छपरासह.' पेट्रोल काढून टाकावं या अटीवर मंजूर झालं. योस्ताने नवा दिवा बसवून दिला, बाकड्याला दिवा लागत नसला तरी. दुपारी तिथले म्हातारे-म्हाताऱ्या त्यात बसून कॉफी प्यायचे. एव्हर्टना आत बसता येत नव्हतं. ते वरून खिडकीतून बघायचे आणि किल्ली खिशात ठेवायचे.

मी गायनवृंद सोडला. खालच्या सुरात एक माणूस कमी झाला हे कोणाच्या लक्षात आलं नाही. गुरुवारी मीच कपाट काढायचो. मायब्रिट मागे बसायची, एव्हर्ट पुढे. फाटकाशी गाडी उभी केली की मी हँडब्रेक ओढायचो, आणि ते विचारायचे, "टाकली का?" मी सांगायचो की या गाडीला रिव्हर्स टाकायची गरज नाही, किल्ली अशीही निघते. ते म्हणायचे, गरज नाही हे मला माहीत आहे, टाकली का ते विचारतोय. मग मी टाकायचो आणि म्हणायचो, "टाकली." मग ते बनची पिशवी उघडायचे.

पुढच्या फेब्रुवारीत ते गेले. पाइप केव्हाच घालून झालेत, आता पुन्हा प्रत्येक फ्लॅटला दोन जागा मिळतात. दुसरीसाठी मी अर्ज केला नाही. बंपर अजून आत गेलेलाच आहे. संध्याकाळी मी कपाट अंगणात लावतो, हँडब्रेक ओढतो, आणि किल्लीकडे हात जायच्या आधी डावा पाय आपोआप क्लचवर जातो आणि गियर रिव्हर्समध्ये पडतो. शेजारची सीट रिकामी असते. मी तरी जरा थांबतो, तिकडे बघतो आणि म्हणतो, "टाकली."